विश्लेषण : जुन्या स्टीरिओला ‘डॅक’ची जोड हवी, पण कशासाठी?

संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने पंढरपूरकडे जाते. या दोन तालुक्यांतील घरांत अभंग ऐकण्याची सवय त्यामुळे वारीपुरती नाही, ती बारमाही आहे. बदलले ते साधन. कॅसेट आणि सीडी मागे पडल्या, गाणी मोबाइलमध्ये आली आणि दिवाणखान्यातला ॲम्प्लिफायर व लाकडी पेटीचे स्पीकर कापडाखाली झाकले गेले. भंगारवाल्याने त्यांचे वजन करण्याआधी एका छोट्या डबीचा विचार व्हायला हवा. तिचे नाव ‘डॅक’, म्हणजेच डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर.

डॅक करतो काय?

मोबाइल, टीव्ही किंवा सीडीमधील गाणे म्हणजे आकड्यांची रांग असते. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे मोजमाप नोंदवलेले असते आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवलेले असते. स्पीकरला आकडे कळत नाहीत, त्याला कमी-जास्त होणारा विद्युतदाब लागतो. आकड्यांचे विद्युतदाबात रूपांतर करण्याचे काम डॅक करतो. मोबाइल, टीव्ही, सीडी प्लेअर या सगळ्यांच्या पोटात तो आधीपासूनच असतो. बाहेरचा डॅक म्हणजे तेच काम वेगळ्या डबीत करणे.

मग वेगळा कशाला घ्यायचा?

याचे पहिले आणि सर्वांत पटणारे कारण आवाजाचा दर्जा नसून जोडणी हे आहे. अनेक नव्या मोबाइलमध्ये हेडफोनचे भोक नाही. बऱ्याच नव्या टीव्हींना लाल-पांढऱ्या पिनांचे आउटपुट नसते, फक्त ऑप्टिकल किंवा एचडीएमआय असते. जुन्या ॲम्प्लिफायरला मात्र लाल-पांढऱ्या पिनाच लागतात. ही दरी डॅक भरून काढतो. दुसरे कारण खरखरीचे. लॅपटॉप किंवा स्वस्त टीव्हीच्या हेडफोन आउटपुटमधून आतल्या सर्किटची कुरकुर ऐकू येत असेल, तर बाहेरच्या डॅकने ती बहुधा कमी होते.

या दोन्ही अडचणी नसतील, तर डॅक घेऊन फारसा फरक पडत नाही. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकतो, वयाबरोबर ही मर्यादा खाली येते. १९८२ मध्ये बाजारात आलेली सीडी ही मर्यादा तेव्हापासूनच पूर्ण करते. आज साधा, नीट बनवलेला डॅकही हे काम चोख करतो. त्यामुळे दहापट किमतीचा डॅक दहापट गोड वाजेल, ही समजूत खिशाला महाग पडते. जे मुळात ध्वनिमुद्रितच झाले नाही, ते कोणताही डॅक आणू शकत नाही. बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खरखर मुद्रणातच उतरलेली असेल, तर डॅक ती प्रामाणिकपणे ऐकवील, इतकेच.

‘हम्म’ आवाजाचे काय?

जुना स्टीरिओ जोडल्यावर अनेक घरांत एक अखंड घरघर ऐकू येते. दोष डॅकवर ढकलला जातो, पण कारण अनेकदा घराच्या वीजजोडणीत असते. टीव्ही एका सॉकेटवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्यावर आणि दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक, अशी स्थिती असली की जोडणीच्या केबलमधून नको असलेला प्रवाह वाहतो आणि तो स्पीकरमधून ऐकू येतो. उन्हाळ्यात जिरायती पट्ट्यातील वस्त्यांवर जमीन कोरडी पडली, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातले गेले नाही, की अर्थिंग आणखी कमकुवत होते.

यावर दोन साधे उपाय आहेत. सगळी उपकरणे एकाच सॉकेटच्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्यावीत, मात्र त्यावर हीटर किंवा इस्त्री लावू नये. टीव्ही आणि डॅकमध्ये ऑप्टिकल केबल वापरावी. तिच्यातून वीज नव्हे, प्रकाश जातो, त्यामुळे त्या वाटेने घरघर येत नाही. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा ‘जुगाड’ मात्र करू नये. घरघर थांबेल, पण बिघाड झाल्यास ॲम्प्लिफायरच्या लोखंडी पेटीत वीज उतरू शकते. आवाजासाठी जिवाशी खेळ नको.

जोडताना चुकते कुठे?

डॅकची पिन ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’, ‘सीडी’ किंवा ‘टेप’ या इनपुटमध्ये जावी. ‘फोनो’मध्ये नको. ते तबकडीच्या अत्यंत क्षीण संकेतासाठी असते, तिथे डॅक लावल्यास आवाज फाटतो. टीव्हीतून आवाजच येत नसेल, तर सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर आहे का, ते पाहावे. मोबाइलसाठी टाइप-सीचे अडॅप्टर घेताना त्यात डॅक आहे याची खात्री करावी. काही स्वस्त अडॅप्टरमध्ये फक्त तारा असतात आणि ती सगळ्या मोबाइलवर चालत नाहीत. ब्लूटूथ रिसीव्हरमध्ये डॅक असतोच. वायर नको असेल, तर तोही पुरेसा आहे.

पैसे कुठे घालावेत?

क्रम असा असावा : आधी अर्थिंग, मग स्पीकर, मग खोली, शेवटी डॅक. स्पीकरच्या कोनाची कड झिजली असेल, तर ती बदलून घेतल्याने पडणारा फरक कोणत्याही डॅकपेक्षा मोठा असतो. फरशी आणि सिमेंटच्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो, तिथे सतरंजी आणि जाड पडदे कामी येतात. डॅक पारखताना आवाजाची पातळी दोन्ही वेळा सारखी ठेवावी. थोडा मोठा आवाज कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो आणि अनेक विक्रेते याचाच फायदा घेतात. घरातल्या कुणाला तरी न सांगता तारा बदलायला लावाव्यात आणि फरक ओळखता येतो का, ते पाहावे. ओळखता आला नाही, तर महागडा डॅक दुकानातच राहू द्यावा.

जुना ॲम्प्लिफायर चालू स्थितीत असेल, तर काही हजारांच्या आतला साधा डॅक त्याला आजच्या मोबाइलशी जोडून देतो. त्याचे मोल तेवढेच, आणि ते कमी नाही. घरातली सगळी मंडळी एकत्र बसून एखादा अभंग ऐकू शकतील, असे एक चांगले यंत्र भंगारात जाण्यापासून वाचते.