प्रदोषकाळाच्या सहा घटका

दीपावलीला आपण दिव्यांचा उत्सव म्हणतो. शास्त्रकारांच्या दृष्टीने तो वेळांचाही उत्सव आहे. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी, लक्ष्मीपूजन प्रदोषकाळी, यमद्वितीयेचे कृत्य अपराह्णी. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री पाध्ये यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘धर्मसिंधु’ सिद्ध केला. त्या ग्रंथाचा केवढा तरी भाग कोणते कृत्य केव्हा करावे, याच्या निर्णयातच खर्ची पडला आहे. घटकापळांची ही मोजदाद आजच्या तरुणांस किचकट वाटते, हे आम्ही जाणतो. परंतु तिच्या मुळाशी विचार साधा आहे. दिवसाचा काही भाग उद्योगधंद्यापासून सोडवून घ्यावयाचा, तर तो आधी नेमून ठेवावा लागतो. नेमला नाही, की दुसरा कोणी येऊन तो उचलून नेतो. आजच्या सणावारी तो उचलून नेण्याचे काम दूरचित्रवाणी करीत आहे.

२०२५ च्या लक्ष्मीपूजनास कीर्तनसेवेनिमित्त आम्ही तेरखेड्यास मुक्कामी होतो. वाशी तालुक्यातील, सोलापूर–धुळे महामार्गावरील हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांमुळे सर्वदूर ठाऊक आहे. यजमानांच्या घरी संच पहाटे सुरू झाला, तो मध्यरात्रीपर्यंत मिटला नाही. सकाळी भक्तिगीते व भावगीते झाली. मग नटनट्यांचा फराळ झाला. कोणाची करंजी फुटली, कोणाची चकली मऊ पडली, यावर बराच हास्यविनोद झाला. दुपारी चित्रपट, मधूनच शेअर बाजाराच्या मुहूर्ताची वार्ता. तिन्हीसांजेस मालिकांचे दिवाळी विशेष भाग सुरू झाले. मालिकेतील सून भरजरी शालू नेसून लक्ष्मीपूजन करीत होती. त्याच वेळी यजमानांच्या घरी चौरंग मांडला होता. नवी केरसुणी, साळीच्या लाह्या, बत्तासे, चोपडी असे सर्व साहित्य यथासांग होते. सुनेने पूजा केली ती एक डोळा चौरंगाकडे व एक पडद्याकडे ठेवून. आरती केव्हा म्हणावयाची, याचा निर्णय ना पंचांगाने दिला, ना घरच्या आजीबाईंनी. जाहिराती लागल्या, तेव्हा आरती झाली.

त्या सत्शील कुटुंबाची निंदा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. घरोघरी हेच चालले आहे. मात्र कीर्तनकार या नात्याने एक गोष्ट आम्हांस प्रकर्षाने जाणवली. नारदीय कीर्तनात पूर्वरंग व उत्तररंग यांच्यामध्ये विसावा असतो. त्या अवकाशात बुवांस बुक्का लागतो, हार पडतो, नामाचा गजर होतो. बुवा थांबतात, आणि श्रोत्यांचा आवाज उठतो. तो विसावा श्रोत्यांच्या मालकीचा असतो. दूरचित्रवाणीतील विसावा मात्र दुकानदाराने आधीच विकत घेतलेला असतो. त्यात आरती बसविणे, म्हणजे परक्याच्या ओसरीवर आपला देव्हारा मांडणे होय.

दूरचित्रवाणीचा आम्ही द्वेष करीत नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या आरंभीची कथा प्रसिद्ध आहे. डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल असे एखादे खेळणे द्या, अशी प्रार्थना इंद्रादी देवांनी ब्रह्मदेवाकडे केली. आणि ब्रह्मदेवाने सर्व वर्णांना खुला असा पाचवा वेद निर्माण केला. ज्या संस्कृतीने नाट्याला वेदाची पदवी दिली, तिच्या वारसांनी चित्रवाणीस नाके मुरडणे शोभत नाही. अंथरुणास खिळलेल्या वृद्धेस आषाढीची पंढरपूरची महापूजा घरबसल्या दिसते, हे काही लहान पुण्य नव्हे.

वाचकांपैकी अनेकांस १९८७ चे दिवस आठवत असतील. त्या वर्षी २५ जानेवारीस दूरदर्शनवर रामायण मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी लोक स्नान करून बसत, संचाला हार घालीत, आणि ज्याच्या घरी संच असे त्याच्या सोप्यात सारी गल्ली मावत असे. हसणाऱ्यांनी त्या भाबडेपणाला हसून घेतले. पण त्यातील मर्म ध्यानात घ्यावे. त्या कार्यक्रमाला वेळ होती. तो आरंभी सर्वांना एकत्र बसवी, आणि संपला की सर्वांना मोकळे करी. आज वाहिन्यांना अस्तमान नाही, आणि सोप्यातील संच कमी पडला तर प्रत्येकाच्या तळहातावर दुसरा पडदा आहेच.

आम्ही तुळजापुरी राहतो. आमच्या आई भवानीलादेखील निद्रा आहे. शारदीय नवरात्रापूर्वी घोरनिद्रा, सीमोल्लंघनानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा, आणि पौषात शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा. त्या दिवसांत मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवितात. जगन्मातेलाही जे विश्रांतीचे दिवस लागतात, ते चित्रपटाला, मालिकेला आणि जाहिरातीला लागू नयेत, हे नवलच म्हणावयाचे. फटाक्यालाही मर्यादा आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीत फटाके उडविण्यास रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली. फार काय, ज्या बाजारावर आपण पैशाच्या हव्यासाचा आरोप करतो, तो मुंबईचा शेअर बाजारही १९५७ पासून दिवाळीस मुहूर्त पाळतो. तेवढे व्यवहार उरकले की त्याचे दार मिटते. वेळ पाळण्याच्या बाबतीत बाजार आज आमच्या घरांपेक्षा अधिक सनातनी ठरला आहे!

कोणी म्हणेल, एका संध्याकाळीने असे काय बिघडते? तेरखेड्यासारख्या गावी या प्रश्नाचे उत्तर मिळते. इतरांची दिवाळी उजळावी म्हणून तेथील हात महिनोन्‌महिने दारू भरतात, वाती लावतात, कागद गुंडाळतात. सणाच्या तोंडावर सारी माणसे विक्रीच्या धामधुमीत असतात. लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळीच काय ती उसंत मिळते. कारखान्यात स्फोट होऊन माणसे दगावली, म्हणजे वाहिन्यांना तेरखेडा आठवते. दिवाळीच्या कार्यक्रमांत ते हात कधी दिसत नाहीत. या मुलखातील पुष्कळ कुटुंबांना भाऊबीज ओवाळून होते न होते, तोच ऊसतोडीसाठी कारखान्यांच्या वाटेला लागावे लागते. मागे उरतात ती म्हातारी माणसे व शाळेतील मुले. २०२५ च्या सप्टेंबरात तर अतिवृष्टीने जिल्ह्यातील परंडा-भूमकडची उभी पिके पाण्याखाली गेली. अशा वर्षी बापलेकांनी समोरासमोर बसून बोलण्याजोगे किती असेल! दोघेही मात्र पडद्यावरील परक्या घराची आतषबाजी पाहत बसतात. गेलेले पीक कदाचित पुढील हंगामात येईल. परगावी जाण्यापूर्वीची ती सायंकाळ वर्षभर पुन्हा यावयाची नाही.

यावर उपाय नाही असे नाही. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तेथील ग्रामस्थांनी २०२२ च्या ऑगस्टात ठराव केला. रोज सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, आणि घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाईल बंद होतात. साडेआठला पुन्हा वाजतो, आणि मनाई उठते. मुलांनी अभ्यास करावा व घरच्यांनी बोलावे, एवढाच हेतू. शास्त्राचा आधार कोणी शोधला नाही. पण त्यांनी निवडलेला समय पाहा. सूर्यास्तानंतरच्या सुमारे सहा घटका, म्हणजे घड्याळाने दोन तास चोवीस मिनिटे, हा प्रदोषकाळ. आश्विन अमावास्येस आमच्या मुलखात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. वडगावचा तो दीड तास जवळजवळ सारा प्रदोषकाळातच पडतो. शास्त्रकारांनी जे ओळखले, तेच गावकऱ्यांनी आपल्या अनुभवाने ओळखले.

म्हणून वाचकांस आमची विनंती अल्प आहे. चार दिवस संच झाकून ठेवा, असे आम्ही म्हणत नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सूर्यास्तापासून सहा घटका तो मिटवावा, मोबाईल कोनाड्यात ठेवावा. पूजा आपल्या वेळी करावी, आरती पूर्ण म्हणावी, पंगतीस सर्वांनी एकत्र बसावे. वडीलधाऱ्यांस जुन्या गोष्टी विचाराव्यात. उद्या परगावी निघणाऱ्यास त्याच्या मनातील विचारावे. नंतर खुशाल चित्रपट पाहावा. तो कोठेही जात नाही; आठ दिवसांत पुन्हा दाखवितातच.