फाल्गुनातलं आभाळ आणि मंडळाची सरासरी

वसंताचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा फाल्गुनात भोकरदन-जाफराबादकडे चक्कर मारावी. अजिंठ्याच्या डोंगररांगेला पळस फुललेला असतो, हे खरं. पण त्याच्याकडे बघायला कुणाला फुरसत नसते. गहू पिवळा पडलेला, हरभऱ्याची सुडी लागलेली, ज्वारी उपटून वावरात पसरलेली. वर्षाचा पैसा असा उघड्यावर पडलेला असतो, आणि नेमकं त्याच पंधरवड्यात दुपारनंतर आभाळ भरून येतं.

यात गूढ काही नाही. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात उत्तरेतून जाताना वरच्या थरात गारठा आणून सोडतात. खाली अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर, दोन्हीकडचं बाष्प मराठवाड्यावर येऊन भिडतं. जमीन तर तापलेलीच. ढग उभाच्या उभा वाढत जातो, त्यातले थेंब गोठतात, पुन्हा वर फेकले जातात, जाड होतात. या दिवसांत हवेतली गोठणपातळी पावसाळ्यापेक्षा खाली असते. त्यामुळे गार वितळायच्या आत शेतात येऊन आदळते.

2014 कुणी विसरलेलं नाही. फेब्रुवारीअखेर सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत चालली, आणि मधेच 5 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. मग 11 फेब्रुवारी 2018चा रविवार. महाशिवरात्र दोन दिवसांवर होती. जालना, मंठा, जाफराबाद तालुक्यांत गारांचा खच पडला, माणसंही दगावली. कडवंचीसारख्या गावाने पाणलोटाची कामं करून, शेततळी खोदून दुष्काळाशी दोन हात केले, त्या जोरावर द्राक्षं उभी केली. पण शेततळं गारेपुढे काय करणार? तडकलेला मणी दोन दिवसांत सडतो आणि शेजारच्या चांगल्या मण्यालाही नासवतो.

मात्र गारेपेक्षा फसवा असतो नुसता पाऊस. भिजलेल्या ज्वारीचं कणीस हातात घेतलं, की दाणे टपोरे दिसतात, वजनालाही भरतात. नख लावलं की टरफलाखालून काळपट डाग निघतो. "दाणा हाय भाऊ, पण रंग गेला," असं शेतकरी सांगतो तेव्हा त्याचा अर्थ असा, की मोंढ्यात ही ज्वारी भाकरीची म्हणून कुणी घेणार नाही, कोंबड्यांच्या खाद्याच्या भावात जाईल. कडबाही काळा पडतो, जनावर तोंड लावत नाही. सरकारी मदतीची अट मात्र नुकसान किती टक्के, एवढंच विचारते. ती 2015 साली 50 टक्क्यांवरून 33वर आणली, चांगलं केलं. पण रंग गेलेल्या ज्वारीचे टक्के कसे काढायचे, हे तलाठ्याला किंवा कृषी सहायकाला कुणी सांगितलेलं नाही. अंबड-घनसावंगीकडच्या मोसंबीचीही हीच गत. गार लागलेलं फळ झाडावर टिकलं, तरी सालीवरचा डाग काढणीपर्यंत जात नाही आणि व्यापारी त्या डागाचे पैसे कापतो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. डागाला काही ते लागू होत नाही!

आता विम्याचं. पूर्वी गारपीट झाली की 72 तासांत कंपनीला कळवायचं, मग त्या शेताची पाहणी व्हायची. खांब आडवे झालेले, गावात वीज नाही, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मोबाईल चार्ज करून लोक फोटो पाठवायचे. कटकट होती, पण वाट तरी होती. 2025च्या खरिपापासून राज्याने एक रुपयातली योजना गुंडाळली, तेव्हा हे स्थानिक आपत्तीचं कलमही काढून टाकलं. आता भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर. दुष्काळाला ही पद्धत चालेलही, कारण दुष्काळ सगळ्यांना सारखाच भाजतो. गारपीट पट्ट्याने येते. रस्त्याच्या अलीकडचा हरभरा मातीत आणि पलीकडचा डोलत उभा, हे आमच्याकडे दर दोन-चार वर्षांनी दिसतं. अशा वेळी मंडळाची सरासरी छान येते आणि अलीकडच्याला छदामही मिळत नाही.

योजनेत गैरव्यवहार झाले म्हणून कलम काढलं, असं सांगतात. चोर पकडायचे सोडून दारच बुजवण्यातला हा प्रकार आहे. निदान गारपिटीपुरती तरी शेतनिहाय पाहणी परत आणावी, आणि जिल्ह्यातल्या आमदारांनी हे सभागृहात मांडावं. त्यासाठी वेगळा मुहूर्त शोधायला नको. अर्थसंकल्पी अधिवेशन भरतं तेच मुळी मार्चमध्ये.