आवाजही ‘स्तेमे’, मतही ‘स्तेमे’! नॉर्वेच्या या एका शब्दात दडलंय काय?

नॉर्वेत गायकाचा आवाज म्हणजे ‘स्तेमे’ आणि मतपेटीत पडणारं मतही ‘स्तेमे’च. वाद्य सुरात लावण्यालाही हेच क्रियापद. ऐकायला गंमत वाटते. पण आवाज आणि मत यांतलं अंतर कापायला तिथल्या स्त्रियांना कित्येक वर्षं लढावं लागलं.

संगीतात अर्थ काय?

समूहगायनात सोप्रानो, अल्टो, टेनर, बास अशा प्रत्येक गटाची चाल वेगळी असते. त्या प्रत्येक चालीला ‘स्तेमे’ म्हणतात. नॉर्वेच्या हार्डांगर फिडललाही सुरात लावावं लागतं. त्यात वाजवायच्या 4 तारा आणि त्यांच्याखाली आपल्या सारंगीतल्या तरफांसारख्या 4-5 तारा असतात. त्यांना गज लागत नाही. पण त्या नीट लावल्या नसतील, तर वाद्य घुमत नाही.

रोजच्या बोलण्यात?

‘दे स्तेमेर’ म्हणजे ‘बरोबर आहे’. हिशेब जुळला तरी हेच म्हणतात. मराठीतही सूर जुळतात आणि हिशेबही जुळतो. आपला ‘मत’ हा शब्द आवाजावरून आलेला नाही, तरी सभागृहात ‘आवाजी मतदान’ होतंच.

1905 मध्ये काय घडलं?

स्वीडनशी असलेला संयोग मोडावा का, यावर 13 ऑगस्ट 1905 रोजी नॉर्वेत सार्वमत झालं. बाजूने 3,68,208 मतं, विरोधात फक्त 184. मतदार मात्र सगळे पुरुष. मग स्त्रियांनी गावोगाव फिरून 2 लाख 40 हजारांहून अधिक सह्या जमवल्या आणि संसदेला दिल्या. गिना क्रोग यांनी स्त्रियांच्या मताधिकारासाठी 1885 मध्येच संघटना उभारली होती. तिच्या नावातही ‘स्तेमे’ होता. पुरुषांच्या बरोबरीचा मताधिकार मिळाला तो 1913 मध्ये.

आपण काय घ्यायचं?

1905 मध्ये त्या स्त्रियांचा आवाज संसदेपर्यंत पोहोचला, पण मतमोजणीत धरला गेला नाही. ‘तुमचं म्हणणं ऐकून घेतलं’ हे वाक्य आपल्याकडे सोसायटीच्या सभेपासून ग्रामसभेपर्यंत सर्रास ऐकू येतं. माझ्या मते, तेवढ्यावर समाधान मानू नये. ऐकलंत ना? मग ते निर्णयात कुठे दिसतंय, हा पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. त्याचं उत्तर मिळालं, तरच हिशेब जुळला म्हणायचं.