गव्हातले निदण

मत्तयाच्या शुभवर्तमानातील १३ व्या अध्यायातली गव्हाच्या शेताची गोष्ट ख्रिस्ती घरांतून लहान मुलांनाही ठाऊक असते. मालकाने चांगले बी पेरले. रात्री वैरी येऊन त्यात निदण टाकून गेला. चाकर विचारू लागले, उपटून टाकू का? मालक म्हणाला, नको. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या.

आम्हा शेतीखात्यातल्या माणसांना हा सल्ला उलटाच वाटतो. गव्हाची निंदणी पहिल्या ३० ते ४० दिवसांत उरका, असे आम्ही गावोगाव सांगत आलो. मग हा मालक शेतीत कच्चा होता काय?

मुळीच नाही. ते निदण कोणते, हे समजले की उलगडा होतो. अभ्यासकांच्या मते ते बहुधा डार्नेल नावाचे गवत असावे. त्याचे शास्त्रीय नाव लोलियम टेम्युलेंटम. यातील दुसऱ्या शब्दाचा लॅटिन अर्थ 'झिंगलेला' असा आहे. नाव उगीच पडलेले नाही. हे दाणे गव्हाबरोबर दळले गेले, तर खाणाऱ्याला घेरी येते, हातपाय थरथरतात, नजर अंधुक होते. दाण्यात राहणाऱ्या बुरशीशी या विषाचा संबंध जोडतात.

कोवळेपणी हे गवत अगदी गव्हासारखे दिसते. ओंबी बाहेर पडली की फरक कळतो. गव्हाच्या ओंबीतले कणिश मधल्या दांड्याला रुंद बाजूने टेकलेले असते, तर डार्नेलचे कडेने. पण तोवर दोघांची मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. एक उपटावे तर दुसरे हाती येते.

आणखी एक नवल ऐका. हे सारखेपण माणसाच्या हातूनच घडले, असे शास्त्रज्ञ म्हणतात. निंदणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या वेगळे दिसेल तेवढे उपटले. गव्हासारखे दिसणारे वाचले आणि त्याचेच बी पुढे पसरत गेले. भातखाचरातही भातासारख्या दिसणाऱ्या गवताने बायांची अशीच फसगत होते.

वैऱ्याची खोडीही नुसती कल्पना नव्हे. इ. स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने रोमन कायद्याचे मोठे संकलन प्रसिद्ध केले. दुसऱ्याच्या पिकात डार्नेल टाकणाऱ्यावर दावा लावता येतो, असे त्यात नमूद आहे. म्हणजे असले उद्योग करणारे शेजारी तेव्हाही होते!

आता आपल्या अंगणात येऊ. एखादा पोरगा दोनदा पिऊन घरी आला की तो वाया गेला म्हणून आपण मोकळे होतो. कोणाच्या लेकीबद्दल कुजबूज उठली की पाण्यावर तिच्याशी बोलणे बंद होते. कधी अख्खे घर वाळीत पडते. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. पण डोळ्यांनी घातलेला बहिष्कार कायद्याला कसा दिसावा? त्या एका पोरामागे त्याची आई, बायको, धाकटी भावंडे असतात. मुळे गुंतलेली असतात. आपण उपटतो एक आणि सुकतात चार.

याचा अर्थ गुन्ह्यावर पांघरूण घाला असा नाही. चोरी, मारहाण झाली तर पोलीस आहेत, न्यायालय आहे. पण माणूस गहू की निदण, हा निवाडा प्रभूने देवदूतांवर सोपवला आहे, शेजाऱ्यांवर नव्हे. बीजोत्पादनाच्या शेतातही ओंबी आल्यावर पुन्हा एकदा पाहून भेसळ काढतात. माणसाला तेवढी तरी मुदत द्यावी.

आपल्या मनातल्या रागाची, हेव्याची गोष्ट मात्र वेगळी. तिथे आमचा खात्याचाच सल्ला चालवा: दोन पानांवर असतानाच खुरपून काढा. तिथे ओळख पटायला ओंबीची वाट पाहावी लागत नाही.