आधी पेज, मग जेवण

गणपतीला कोकणात गेले ती महिनाभर राहूनच पुण्याला परतले. आल्याआल्या लेख लिहायला लॅपटॉप उघडला, तर ढिम्म. लिफ्ट येत नसली की आपण बटण दाबत सुटतो, तसं पाच-सहा वेळा दाबून पाहिलं. पडदा काळा तो काळाच. चार्जर लावला, तरी साधा दिवाही लागेना. आता नवीन लॅपटॉपचा खर्च, या विचारानेच पोटात गोळा आला.

शेजारचा मुलगा लॅपटॉपदुरुस्तीची कामं करतो. त्याला बोलावलं. त्याने लॅपटॉपकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आधी चार्जर उचलला. "काकू, हा तर मोबाइलचा!"

खरंच की. लॅपटॉपचा चार्जर बॅगेच्या तळाशी, कुळथाच्या पिठाखाली होता. पिन सारखी, म्हणून हाताला लागला तो लावला. पण माझ्या लॅपटॉपला लागतात ६५ वॅट आणि हा १८ वॅटचा. पिन बसली म्हणजे भागलं असं नव्हे.

मग त्याने एक्स्टेन्शन बोर्डात टेबललॅम्प लावून पाहिला. तो लुकलुकला. म्हणजे बोर्डही ढिला. शेवटी चार्जर न लावताच पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. यामुळे आत उरलेली थोडीफार वीज निघून जाते आणि कधीकधी अडकलेलं यंत्र त्यानेच सुटतं. नंतर मूळ चार्जर थेट भिंतीतल्या पॉइंटला लावून तो म्हणाला, "आता अर्धा तास हात लावायचा नाही."

तेवढ्यात चहा झाला आणि माझी चूकही समजली. झाकण मिटलं की लॅपटॉप बंद झाला, असं मी समजत होते. तो नुसता झोपलेला असतो, आणि झोपेतही बॅटरी खात राहतो. लिथियमचा सेल पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्टवर असतो. तो ३ व्होल्टच्या खाली गेला की त्याला एकदम जोरात चार्ज करणं धोक्याचं, म्हणून आतलं सर्किट आधी अगदी थोडा करंट सोडतं. लंघन झालेल्या माणसाला आपण लगेच पुरणपोळी वाढत नाही, आधी पेज देतो. इथेही तेच. आपण मात्र पेज पोटात जायच्या आधीच त्याला उठवायला बघतो.

वीस मिनिटांनी चार्जिंगचा दिवा लागला. आणखी थोडं थांबून बटण दाबलं, तर लॅपटॉप निमूटपणे सुरू झाला. अर्धवट लेख होता तिथेच होता.

जाताजाता त्याने एक तंबी दिली. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा झाकण नीट मिटेनासं झालं, तर बॅटरी फुगली आहे असं समजायचं. मग चार्जिंग नाही, दाबणं-टोचणं नाही, सरळ दुरुस्तीवाल्याकडे. आणि काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही, ई-कचऱ्यातच द्यायची.

गावाला निघताना आपण गॅस बंद करतो, नळ तपासतो, कुलूप दोनदा ओढून बघतो. त्यात आता एवढं एक घाला: लॅपटॉप निम्मा चार्ज करा आणि शटडाउन करूनच कपाटात ठेवा.