न पाहिलेल्या मालाचा इसार

बैलबाजारात गेलेला शेतकरी जनावराचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो, खोडीची चौकशी करतो आणि मगच इसार देतो. इसार दिल्यावरही पावती हाती पडल्याखेरीज तो जनावर घराकडे हाकीत नाही. हाच शेतकरी मोबाइलच्या पडद्यावर ट्रॅक्टरचे छायाचित्र पाहून, कधी न भेटलेल्या माणसास घरबसल्या पंचवीस हजार रुपये पाठवून मोकळा होतो. याचे कारण अज्ञान किंवा लोभ असे सांगण्याची रीत पडली आहे. आमच्या मते हे निदान चुकीचे आहे.

बाजारातील व्यवहारात शेतकऱ्याचे रक्षण त्याच्या एकट्याच्या हुशारीने होत नसे. माल समोर असे, विकणाऱ्याचे गाव ठाऊक असे, मध्ये ओळखीचा माणूस असे, आणि बेत फसला तर कोणाच्या दारात जाऊन उभे राहावयाचे हे माहीत असे. मोबाइलवरील सौद्यात या चारही गोष्टी नाहीशा झाल्या; इसार देण्याची चाल मात्र तशीच राहिली. लबाड माणसाने नेमकी तीच हेरली आहे.

जुन्या ट्रॅक्टरचे उदाहरण घ्या. जाहिरातीतील किंमत बाजारभावाच्या निम्म्याने असते. विकणारा सांगतो की, आपण सैन्यात असून बदली झाल्यामुळे घाईने विक्री करावी लागत आहे. सोबत ओळखपत्राचे छायाचित्रही पाठवितो. सैनिकाविषयी आपल्या खेड्यांत असलेला आदर येथे भांडवल म्हणून वापरला जातो. प्रथम वाहतुकीचा खर्च, पुढे विमा, त्यानंतर ‘परत मिळणारी’ अनामत, अशी मागणी वाढत जाते. पहिले पैसे बुडू नयेत म्हणून माणूस दुसरे देतो, आणि खरे नुकसान येथेच होते. वस्तुतः नोंदणी क्रमांक मिळताच परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर वाहनाचा तपशील व त्यावरील कर्जाचा बोजा पाहता येतो. तेवढे केल्यावरही ट्रॅक्टर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. ‘दुसरे गिऱ्हाईक वाट पाहत आहे’ असे जो म्हणेल, त्याला ते गिऱ्हाईक खुशाल घेऊ द्यावे.

विक्री करणाऱ्याची फसगत निराळ्या रीतीने होते. म्हैस, कांदा किंवा कडब्याची जाहिरात दिली की, दूरचा ‘व्यापारी’ भावाची घासाघीस न करता सौदा ठरवितो. (जो गिऱ्हाईक भावासाठी हुज्जत घालीत नाही, त्याच्याविषयी आपल्या आजोबांना नक्कीच शंका आली असती.) तो आगाऊ रक्कम देण्यासाठी म्हणून एक क्यूआर कोड पाठवितो आणि तो स्कॅन करून पिन टाकावयास सांगतो. येथे एकच गोष्ट घरातील प्रत्येकाने पाठ करावी: पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून गेले. यूपीआयमध्ये एका व्यक्तीने दुसरीकडे पैशांची मागणी पाठविण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, हे चांगले झाले; परंतु क्यूआर कोडची युक्ती त्यामुळे थांबलेली नाही. काही जण ‘चुकून जास्त पैसे गेले, उरलेले परत करा’ असे सांगून रक्कम जमा झाल्याचा बनावट संदेश पाठवितात. संदेशावर न जाता खात्यातील शिल्लक पाहावी.

तिसरा प्रकार आमच्या मनास अधिक लागतो, कारण त्यात सरकारी योजनेचेच नाव वापरले जाते. पीएम-कुसुम योजनेच्या नावाने खोटी संकेतस्थळे निघाली व सौरपंपासाठी ‘नोंदणी शुल्क’ उकळले गेले. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय आपल्या संकेतस्थळावरून लाभार्थ्यांची नोंदणी करीतच नाही. ते काम राज्यांतील यंत्रणा करतात. तसेच पीएम-किसानच्या हप्त्याचे नाव देऊन व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ फाइल पाठविली जाते. ती मोबाइलवर उतरविल्यास बँकेचे गुप्त संदेश परक्याच्या हाती जाऊ शकतात. केंद्र सरकारच्या व बहुतेक सरकारी संकेतस्थळांच्या पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असा असतो. त्यापुढे आणखी काही जोडलेले दिसल्यास तेथेच थांबावे.

या बाबतीत दोष केवळ शेतकऱ्याच्या माथी मारणे आम्हास मान्य नाही. योजनांची नावे एकमेकींसारखी, संकेतस्थळे वेगवेगळी आणि मुदती तुटपुंज्या. अशा स्थितीत खरे व खोटे निवडणे शिकलेल्यासही जड जाते. शिवाय गावच्या गटांवर असे संदेश पुष्कळदा आपल्याच कार्यकर्त्यांच्या हातून पुढे जातात. कृषी कर्मचाऱ्याने पाठविलेला संदेश गावात सरकारी आदेशासारखा मानला जातो, हे ध्यानात घेऊन न पडताळलेला एकही संदेश त्याने पुढे पाठवू नये. त्याच्या कामात याची नोंद कोठेही होत नसली, तरी एखाद्या प्रात्यक्षिकाइतकेच मोल आम्ही यास देतो.

फसलेल्या माणसास हसणे हे तर सर्वांत घातक होय. चावडीवर हसे होईल या भीतीने माणूस आठवडाभर गप्प बसतो, आणि तोवर त्याची रक्कम चार खात्यांतून फिरून निघून गेलेली असते. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन केल्यास ती वाटेतील खात्यात अडविली जाण्याची शक्यता असते. बँकेस कळविण्यातही उशीर करू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात असे ठरविले होते की, ग्राहकाने स्वतः पिन दिला असल्यास बँकेस कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याचेच राहील. कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे असते. म्हणून कार्यकर्त्याने प्रथम ‘असे कसे केलेत?’ हा प्रश्न विचारू नये. आधी फोन लावून द्यावा, व्यवहाराचा क्रमांक, वेळ व रक्कम कागदावर उतरवावी, समोरच्याचे संदेश पुसू देऊ नयेत, आणि त्याच दिवशी त्या शेतकऱ्यासमवेत बँकेत जावे.