वर्ग खाली आणता आला असता

गेल्या महिन्यात शिक्षकांच्या एका मेळाव्यात एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "या मुलांसाठी पोटात माया असावी लागते. धोरणं वाचून माया येत नाही." सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. बोलणाऱ्या माणसाची उभी हयात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसोबत गेली आहे, त्यामुळे त्या टाळ्यांमध्ये आदर होता आणि तो रास्तही होता. पण मागच्या रांगेत माझ्या विद्यार्थिनी बसल्या होत्या. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात त्या सामाजिक धोरण आणि दिव्यांगांचे समावेशन हा विषय शिकतात आणि मी तो शिकवतो. बाहेर आल्यावर त्यांच्यातली एक म्हणाली, "सर, मग आपण शिकतोय ते फुकटच का?" चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या तिला दिलेले उत्तर अपुरे होते. पुरे उत्तर द्यायचे, तर आधी समोरच्यांचे म्हणणे नीट मांडले पाहिजे.

म्हणणे असे. दिव्यांग मूल वाढवणे, शिकवणे हे हाताने करायचे काम आहे. त्याला धीर लागतो, सवय लागते, जीव लावावा लागतो. धोरणे मुंबई-दिल्लीत लिहिली जातात आणि गावापर्यंत येईतो त्यांचा कागदच उरतो. त्या कागदाचा अभ्यास करणारा माणूस कलमे पाठ करतो, पण लाळ पुसायला पुढे होत नाही. म्हणून तरुण पोरांना धोरण शिकवण्यापेक्षा दोन वर्षे एखाद्या विशेष शाळेत कामाला लावा, ती आपोआप शिकतील.

यातला हाताने करायच्या कामाविषयीचा शब्द न् शब्द मला मान्य आहे. राहिलेले मान्य नाही, आणि का नाही ते सांगायला मला स्वतःचीच एक चूक सांगावी लागेल.

2004 साली मी जिल्हा परिषदेच्या एका दुमजली शाळेत शिक्षक होतो. सहावीत एक मुलगी होती. पोलिओने दोन्ही पाय गेलेले, कॅलिपर लावून भिंतीच्या आधाराने चालायची. सहावी-सातवीचे वर्ग वरच्या मजल्यावर. मी रोज सकाळी तिला उचलून वर न्यायचो आणि शाळा सुटल्यावर खाली आणायचो. एकवीस पायऱ्या. मधल्या सुट्टीत ती वरच बसून राहायची. लघवीला जावे लागू नये म्हणून सकाळपासून पाणी प्यायची नाही, हे मला फार उशिरा, तिच्या आईकडून कळले. तालुक्याच्या वर्तमानपत्रात माझा फोटो आला, ग्रामसभेत शाल-श्रीफळ मिळाले. 2005 च्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. नवीन गुरुजी पाठीच्या दुखण्याने बेजार होते. जूनमध्ये ती चार-पाच दिवस शाळेत आली, मग यायची थांबली. सातवी तिने केलीच नाही.

त्या शाळेत खालच्या मजल्यावर चार खोल्या होत्या. एकीत दुसरीचा वर्ग भरायचा. दुसरी वर आणि सहावी खाली, एवढी अदलाबदल करायला मुख्याध्यापकांची एक सही पुरली असती. एक रुपया खर्च नव्हता. मला ते सुचले नाही. मुख्याध्यापकांना नाही, केंद्रप्रमुखांना नाही, शाल देणाऱ्या सरपंचांनाही नाही. माया आम्हा सगळ्यांकडे भरपूर होती. अडचण मुलीच्या पायात आहे, असेच आम्ही सगळे धरून चाललो होतो. ती जिन्यात आहे, हे ओळखायला जी नजर लागते ती मायेतून येत नाही. मला ती पुढे पुस्तकातून आली, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

ती नजर कायद्याच्या व्याख्येतच बसलेली आहे. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंग व्यक्ती म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्याने दाखला दिलेली, किमान 40 टक्के अपंगत्व असलेली व्यक्ती, अशी व्याख्या होती. म्हणजे जे काही आहे ते शरीरात आणि डॉक्टरांच्या शिक्क्यात. पुढे संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार 2006 साली झाला, भारताने 2007 साली त्याला मान्यता दिली आणि त्याला धरून 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले, हे सगळ्यांना ठाऊक असते, परीक्षेत विचारतात म्हणून. पण खरा पालट व्याख्येच्या वाक्यात आहे. शरीराची, मनाची, बुद्धीची किंवा इंद्रियांची दीर्घकाळची कमतरता आणि समोर येणारे अडथळे या दोहोंची गाठ पडून इतरांच्या बरोबरीने समाजात वावरता येत नाही, अशी व्यक्ती, असे ते वाक्य सांगते. अडथळे हा शब्द व्याख्येत येऊन बसला, तेव्हा जिनासुद्धा त्या मुलीच्या दिव्यांगत्वाचा भाग ठरला. याच कायद्याने पुढे असेही म्हटले, की झेपण्याजोगी वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव आहे. आम्ही भेदभाव करत होतो. तिला उचलून नेता नेता करत होतो.

आता दुसरा आक्षेप, कागदाचा. अंमलबजावणीच होत नाही, तर धोरण वाचून करायचे काय? हा प्रश्न त्राग्यातून येतो आणि तो त्रागा मला समजतो. पण राजीव रतुरी यांच्या खटल्याकडे पाहा. रतुरी स्वतः दृष्टिहीन. रस्ते, इमारती, वाहने दिव्यांगांना वापरता यावीत म्हणून त्यांनी 2005 साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 2017 साली न्यायालयाने निर्देश दिले, पण कामाची गती मुंगीची. तेव्हा न्यायालयाने हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाच्या दिव्यांगत्व अभ्यास केंद्राला प्रत्यक्ष स्थिती काय आहे, याचा अहवाल करायला सांगितले. त्या अहवालाचा आधार घेत 8 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल आला. 2016 च्या कायद्याने सुगम्यतेचे बंधनकारक नियम करायला सांगितले होते, सरकारने मात्र नियम 15 मध्ये निरनिराळ्या खात्यांच्या मार्गदर्शक सूचनाच चिकटवल्या होत्या. पाळल्या तर पाळल्या, नाही तर नाही. न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवून रद्द केला आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करायला सांगितले. अंमलबजावणी का होत नाही, याचे एक उत्तर नियमाच्या भाषेतच दडलेले होते आणि ते कोणीतरी बसून, शब्द लावून वाचल्यामुळे हाती आले. नुसत्या त्राग्याने ते कधीच सापडले नसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. ज्याचे जळते त्यालाच कळते, अभ्यासकांनी लुडबुड का करावी? खरे आहे, दिव्यांगांना वगळून दिव्यांगांविषयी ठरवलेले बहुतेक फसते. पण ज्यांचे जळत होते त्यांनी काय केले, तेही पाहू. जावेद आबिदी चाकाच्या खुर्चीवरून दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढले. 1991 च्या जनगणनेत दिव्यांगत्वाचा प्रश्नच नव्हता. जो मोजला जात नाही त्याच्यासाठी तरतूद कशी होणार, हे आबिदींनी ओळखले आणि 2001 च्या जनगणनेत तो प्रश्न यावा म्हणून सरकारचा पिच्छा पुरवला. 2001 मध्ये 2 कोटी 19 लाख माणसे कागदावर आली, 2011 मध्ये 2 कोटी 68 लाख. जनगणनेचा तक्ता कसा बनतो आणि त्यावर पैसा कसा ठरतो, हे त्यांना ठाऊक होते म्हणून हे झाले. अनुभव आणि अभ्यास यांना एकमेकांसमोर उभे करणारे लोक आबिदींना विसरतात.

दिव्यांग मुलामुळे वर्गातल्या बाकीच्या मुलांचे नुकसान होते, हा आक्षेप अजूनही पालकसभेत ऐकू येतो. त्यावर जास्त लिहीत नाही. साठ मुलांना एक शिक्षक असला, की सगळ्यांचेच नुकसान होते. त्याचे खापर एका मुलावर का?

एक गोष्ट मात्र टीकाकारांच्या पदरात टाकलीच पाहिजे. आपल्याकडे धोरण शिकवतात ते वाईट शिकवतात. 'समावेशनाची व्याख्या सांगून वैशिष्ट्ये लिहा' या प्रश्नावर पाच गुण मिळवून बाहेर पडलेली मुले मी तपासनीस म्हणून पाहिली आहेत. तो अभ्यास नव्हे. माझ्या वर्गात पहिल्या आठवड्यात पुस्तक उघडत नाही. दोघींत एक मोजपट्टी देतो आणि शाळांवर पाठवतो.

यंदा एक जोडी अशाच एका शाळेवर गेली. दारासमोर रॅम्प होता, मतदान केंद्रासाठी बांधलेला. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसंचात 'रॅम्प: आहे' अशी नोंद. मुलींनी पट्टी लावली. जोत्याची उंची अडीच फूट. उताराचे प्रमाण एकास बारा, म्हणजे फुटाला बारा फूट, या हिशेबाने रॅम्प तीस फूट लांब हवा. तो भरला नऊ फूट. वर गुळगुळीत शहाबादी फरशी, कठडा एकाच बाजूला, आणि वर पोचल्यावर दाराला चार बोटे उंच उंबरा. खालच्या टोकाला पाण्याच्या टाकीचे सांडपाणी साचलेले. सहावीतला एक मुलगा चाकाच्या खुर्चीवर येतो. मुलींनी त्यालाच विचारले. तो म्हणाला, "चढताना दोघं लागतात. उतरताना खुर्ची उलटी फिरवायची आणि दोघांनी मागनं धरायची. पावसात मी येतच नाही." हजेरीपत्रक काढले, तर जुलैच्या रकान्यात त्याच्या नावापुढे गैरहजेरीच गैरहजेरी. वर्गशिक्षिकेने शेरा मारला होता, 'प्रकृतीच्या कारणास्तव'.

प्रकृती नव्हे, एकवीस फुटांची तूट. तो शेरा लिहिणाऱ्या बाई वाईट नाहीत. त्या त्याला घरी जाऊन वह्या देतात, स्वतःच्या डब्यातले खाऊ घालतात. माझ्यासारख्याच आहेत. त्यांना कोणी मोजायला शिकवलेले नाही, एवढेच.

मग मुलींनी शासन निर्णय वाचायला घेतले. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा 5 टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, हे त्यांना तिथे सापडले. त्या ग्रामपंचायतीत गेल्या आणि मागच्या तीन वर्षांत हा पैसा कशावर गेला, ते लेखी मागितले. ग्रामसेवकांनी आधी बसायला सांगितले, मग उद्या या म्हणाले. त्या उद्या गेल्या. त्या मुलाचे वडीलही सोबत गेले, कारण अर्जावर सही त्यांची हवी होती, मुलींची नव्हे. अर्जात दयेचा एकही शब्द नाही. जोत्याची उंची आहे, रॅम्पची लांबी आहे, जुलैतले गैरहजेरीचे दिवस आहेत, कायद्याचे नाव आहे आणि तोवर वापरता येईल अशा मागच्या, सपाट बाजूच्या दाराची किल्ली मागितली आहे.

किल्ली मिळाली. रॅम्पचा विषय 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे आहे. मुलगा बोलणार आहे म्हणे, वडिलांनी तसे सांगितले. आम्ही मागे बसणार आहोत.